'ब'च्या पोटातली रेघ

४ मे, रविवार. लोअर हट

इथे येऊन अकरा दिवस झाले. पुण्याहून आणलेली वही अजून निम्मी कोरी आहे, पण देवयानीनं ही नवी आणून दिली, रुंद ओळींची. म्हणाली, "बाबा, यात लिहा, ऐसपैस." मी काय पहिलीत आहे? हिच्या एका ओळीत माझ्या दोन ओळी आरामात मावतात. तशाच लिहितोय. कागद वाचतो.

देवयानी माझी एकुलती एक. इथल्या एका इस्पितळात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. म्हणजे आजारपणातून उठलेल्या माणसांना परत चमचा धरायला आणि शर्टाची बटणं लावायला शिकवते. याचं वेगळं शिक्षण असतं हे मला तिच्यामुळेच कळलं. जावई शंतनू कॉम्प्युटरवाला, रोज ट्रेननं वेलिंग्टनला जातो. साडेसातला दोघं बाहेर पडली की घरात मी आणि हीटर.

परतीचं तिकीट बारा जुलैचं आहे. देवयानी म्हणते पुढे ढकला. मी म्हणतो, बघू. 'बघू' म्हणजे 'नाही', हे तिला फ्रॉकात होती तेव्हापासून माहीत आहे.

७ मे, बुधवार

गराजमध्ये रंगाचा एक डबा आणि बरासा ब्रश सापडला. घरात कोणी नव्हतं. पुठ्ठा उभा केला आणि एक शिरोरेषा ओढून बघितली.

ही वही माझ्याशिवाय कोण वाचतंय, तर खोटं कशाला लिहू. रेघ हलली. नाना पेठेत चाळीस वर्षं 'दीनानाथ पेंटर' या नावावर जगलो. दवाखाने, पिठाच्या गिरण्या, रसवंतीगृहं, दोन नगरसेवक. हात टेकायला काठी न घेता चार फुटांची रेघ मारायचो आणि रस्त्यावरची माणसं सायकल थांबवून बघायची. आज एका फुटात तीन ठिकाणी थरथरली. गेल्या दिवाळीपासून हे चाललंय. पुण्यात म्हणायचो वय झालं. इथे म्हणतो थंडी आहे.

पुठ्ठा फाडून रिसायकलिंगच्या डब्यात तळाशी दाबला आणि वर पिझ्झाचा खोका ठेवला.

देवयानीला हे कळता कामा नये. कळलं की तपासण्या, गोळ्या, आणि मग 'बाबा, तुम्ही एकटे कसे राहणार.' मला माझ्या खोलीत परत जायचंय. तिथे हात हलला तर निदान बघायला कोणी नाही.

१० मे, शनिवार

शनिवारी इथल्या हॉलमध्ये मराठी शाळा भरते. पंधरा-वीस मुलं. आपण विचारायचं मराठीत, त्यांनी उत्तर द्यायचं इंग्रजीत. मी एकाला विचारलं, "काय रे, जेवलास का?" तर म्हणतो, "Yeah, heaps." बरं. जेवला तरी.

पुढच्या महिन्यात मातारिकी आहे. इथल्या माओरी लोकांचं नवं वर्ष. पहाटे कृत्तिका उगवल्या की सुरू होतं. त्या निमित्तानं हॉल वापरणाऱ्या प्रत्येक मंडळानं दारावर एकेक दिव्यांची पाटी लावायची आहे. देवयानी सगळ्यांसमोर म्हणाली, "आमचे बाबा करतील."

मी म्हटलं, "इथे धड ब्रश कुठे मिळतो?"

"ब्रश नकोच. निऑन फ्लेक्स मिळते, रबरासारखी वाकते. अक्षराच्या आकारात बसवायची आणि अडॅप्टरनं पेटवायची."

फ्लेक्स! माझं डोकंच फिरलं. त्या छापील फ्लेक्सनीच माझं दुकान खाल्लं. कुणाचा वाढदिवस, कुणाचा दहावीचा निकाल, दोन तासांत छापून हजर, आणि शुद्धलेखनाच्या नावानं शिमगा. मी सांगितलं, तो शब्द माझ्यासमोर काढायचा नाही.

शंतनू गरीब माणूस. म्हणाला, "मग नळी म्हणू या, बाबा. दिव्याची नळी."

नळीला मी कबूल झालो. मजकुरावर बराच काथ्याकूट झाला. एका उत्साही बाईंना शाळेचं पूर्ण नाव हवं होतं, सव्वीस अक्षरं. मी म्हटलं, घरी आलेल्या माणसाला आपण आपलं पूर्ण नाव सांगतो का? आपण म्हणतो, या, बसा. ते सगळ्यांना पटलं.

१७ मे, शनिवार

प्लायवूड आणलं. खडू लावलेली दोरी ताणून सोडली, शिरोरेषा उमटवली आणि अक्षरं दोन-दोन फुटांची काढली. देवयानी म्हणाली, "मनगटातून नको, खांद्यातून काढा." पाटी कशी लिहायची हे ती मला सांगणार! पण खांद्यातून काढली आणि खरंच बरी आली. मोठ्या अक्षराला हात मानतो असं दिसतं.

तिनं ॲल्युमिनियमची पन्हळ आणि क्लिपा आणल्यात. आधी पन्हळ स्क्रूनं बसवायची, मग नळी नुसती आत दाबायची. मी म्हटलं, ही तर पांगळ्यांची सोय. ती चहा घेऊन शेजारी बसली आणि तासभर माझ्या हातांकडे बघत राहिली.

"काय बघतेस?"

"कसं करता ते शिकतेय."

लहानपणी दुकानात यायला कंटाळायची. उशिरा का होईना, बापाची कला दिसली. फार बरं वाटलं मला.

२१ मे, बुधवार

शाईचं पेन शोधताना स्वयंपाकघरातला खण उघडला. त्यात माझ्या हातच्या वाणसामानाच्या याद्या! दर रविवारी ती मलाच यादी लिहायला लावते. सगळ्या जपून ठेवल्यात, एकीखाली एक, कोपऱ्यात तारीख घालून. इतकं प्रेम माझ्या अक्षरावर. मी खण गुपचूप लावून टाकला. मोबाईलच्या जमान्यात कोण ठेवतं बापाची अक्षरं?

२५ मे, रविवार

नळी बसवून झाली. साडेसात मीटर. आज पेटवायची म्हणून शंतनूनं जुन्या इंटरनेटच्या डबीचा अडॅप्टर काढून दिला. त्यावर बारा व्होल्ट लिहिलंय, नळीवरही बारा. जुळलं म्हणून जोडलं. नळी एकदा लुकलुकली आणि विझली. पुन्हा लुकलुकली, पुन्हा विझली. अडॅप्टर हाताला गरम लागायला लागला तेव्हा देवयानीनं प्लग काढला.

शेजारच्या विरेमूला बोलावलं. सत्तरीचा माओरी गृहस्थ, आयुष्यभर इलेक्ट्रिशियन होता. थंडीतही अर्ध्या चड्डीत. "Kia ora, Dina," म्हणत आला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचली. बारा व्होल्ट खरं, पण एकच अँपिअर. नळी मीटरला दहा वॅट खाते. साडेसात मीटरला पंचाहत्तर. भागिले बारा, म्हणजे सहाच्या वर अँपिअर लागणार. "दहाचा घे," तो म्हणाला. "कायम धावत ठेवलास तर अडॅप्टरसुद्धा दमतो."

मला ते असं समजलं: व्होल्ट म्हणजे रंगाची छटा, अँपिअर म्हणजे डबा. छटा तंतोतंत जुळली पाहिजे. डबा मोठा असला तर बिघडत नाही, लहान असला तर निम्म्या भिंतीवर संपतो. शंतनूनं हे इंग्रजीत सांगितल्यावर विरेमू मांडीवर थाप मारून हसला.

मग त्यानं भिंतीतल्या सॉकेटकडे बोट दाखवलं. "ती बाजू इलेक्ट्रिशियनची. अडॅप्टरच्या या बाजूला बारा व्होल्ट, ती तुझी. भिंतीकडे हात घालायचा नाही." कामाची वाटणी मला आवडली. आमच्या धंद्यातही शटरला हात लावायचा नाही, नुसती पाटी लिहायची.

३१ मे, शनिवार

नवा अडॅप्टर आला, विटेएवढा. आणि 'या' पेटला! पांढराशुभ्र, दुधासारखा. मी गराजमध्ये एकटाच होतो, एकट्यानंच टाळी वाजवली.

'स' मात्र ढिम्म. नळी खराब निघाली म्हणून तासभर चिडलो, दुकानदाराला मनातल्या मनात पुणेरी शिव्या दिल्या. संध्याकाळी विरेमूनं बघितलं. लाल आणि काळी तार मी उलटी जोडली होती. घरातल्या बल्बला उलटसुलट काही नसतं, या नळीला असतं. अधिकाला अधिक, उण्याला उणे. अदलाबदल केली, लागला.

त्याला एक गोष्ट मी शिकवली. त्यानं विचारलं, एवढ्या तुकड्यांना वीज कशी नेणार? मी म्हटलं, आमची सगळी अक्षरं एकाच रेघेला लटकतात. त्या रेघेमागून दोन तारा न्यायच्या आणि प्रत्येक अक्षरानं वरून आपापली वीज घ्यायची. तो बघतच राहिला. "तुमची लिपी कुठल्या तरी इलेक्ट्रिशियननं बनवलीय," म्हणाला.

७ जून, शनिवार

हॉलवर जाऊन लावून बघितलं. अडॅप्टर पावसात ठेवायचा नाही, म्हणून तो आत खिडकीपाशी आणि तिथून लांब तार दारावर. 'या' झकास, 'ब' बरा, आणि 'सा' पिवळट, आजारी. विरेमू म्हणाला, बारा व्होल्ट लांब चालत नाहीत, वाटेत थकतात. तार जाड घ्यायची आणि दुसऱ्या टोकालाही वीज द्यायची. यात शिकण्यासारखं काही नव्हतं. लांब रेघेत ब्रश सुकत जातो, मग मध्ये परत बुडवायचा.

घरी येताना गाडीत देवयानी म्हणाली, "बाबा, इथल्या डॉक्टरांना एकदा सहज दाखवू या का? नुसतं चेकअप."

"मला काय झालंय?"

"काही नाही. सहज."

"सहज माणूस फिरायला जातो. डॉक्टरकडे जात नाही."

रेल्वे फाटकापाशी थांबलो तेव्हा मी उजवा हात मांडीखाली घेऊन बसलो होतो, हे इथे लिहून ठेवतो.

१२ जून, गुरुवार

सगळं झालं, 'ब'च्या पोटातली रेघ सोडून. ती वीतभर तिरपी नळी वेगळी आहे. तिला दोन तारा सोल्डर करायच्या, म्हणजे वितळलेल्या कथलानं चिकटवायच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन ठिपक्यांवर. इतर टोकं विरेमूनं करून दिली होती. हीही करतो म्हणाला. मी म्हटलं नाही. अख्ख्या पाटीत एवढी एक रेघ तरी माझी असू दे. पन्हळीत नळी दाबणं हे काही लिहिणं नव्हे.

त्यानं माझ्या हाताकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, त्याच्या वडिलांचाही हात असा व्हायचा. मला इंग्रजी कळलं नाही असं मी दाखवलं. कळलं होतं.

दुपारी घरी कोणी नसताना बसलो. सोल्डरची तापलेली लोखंडी टोची एका हातात, तार दुसऱ्या हातात. ठिपका जागेवरच असतो, माझा हात त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालतो. तासाभरात पाच वेळा चुकलं, सहाव्यांदा चिकटलं. ओढून बघायचा धीर झाला नाही. वरून गोंद भरला. पेटवलं तर लागलं. 'ब' हा 'ब' दिसतोय.

झालं तर. हात हलतो, पण काम होतं. बारा जुलैला जायला हरकत नाही.

१८ जून, बुधवार

वारा. वेलिंग्टनचा वारा काय असतो ते ऐकून होतो, आज कपड्यांचं स्टँड शेजाऱ्याच्या अंगणात गेलं. वहीत दोन ओळींच्या जागी आता तीन मावतात. अक्षर सुबक होत चाललंय.

२२ जून, रविवार

काल कार्यक्रम झाला. सगळं क्रमानं लिहितो.

पाचलाच अंधारलं. हॉलपुढे माणसं जमली, मराठी, माओरी, सामोअन, गोरी, सगळी लोकरीच्या टोप्यांत. आधी माओरी आजींनी वर्षभरात गेलेल्यांची नावं घेतली. मग एकेक पाटी पेटली. आमची पाळी आली तेव्हा देवयानीनं आत जाऊन बटण दाबलं.

'या' लागला. 'सा' लागला, ठणठणीत. 'ब' लागला आणि त्याच्या पोटातली रेघ काळी.

दारावर दोन फुटी अक्षरांत माझी पाटी: 'या, वसा.'

चाळीस वर्षांत माझ्या पाटीवर ऱ्हस्वाचा दीर्घ झाला नाही. कान तापले माझे. सव्वीस अक्षरांच्या त्या बाई म्हणाल्या, "वसा म्हणजे श्रावणातला का?" शंतनूनं वेळ मारून नेली. मोठ्यानं म्हणाला, "बरोबरच आहे की! या आणि वसा. आपण सगळ्यांनी इथे येऊन दुसरं काय केलं?" सगळी मराठी मंडळी हसली, टाळ्याही पडल्या. मी हसलो नाही. देवयानीपण नाही. ती पाटीकडे बघत उभी होती आणि वाऱ्यानं तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

म्हणाली, "बाबा, राहू दे ना असंच."

"चुकीची पाटी कशी राहू देऊ?"

"मला चुकीची नाही वाटत."

ती पाटीबद्दल बोलतेय असंच मी धरून चाललो. तिला म्हटलं, शिडी धर.

प्लग काढून पाटी उतरवली, हॉलच्या स्वयंपाकघरात टेबलावर ठेवली. विरेमूनं त्याच्या गाडीतून टोची आणून दिली आणि दार लावून घेऊन तो बाहेर थांबला. आत आम्ही दोघंच. मी गोंद खरवडला. तार निघून आली होती, वाऱ्याच्या धक्क्यानंच निघाली असणार, मुळात धरलीच नव्हती. मी टोची उचलली. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा नळीला चटका बसला. तिसऱ्यांदा तार हातातून पडली आणि टेबलाखाली गेली. ती उचलायला देवयानी वाकली नाही, मीही वाकलो नाही.

बाहेर मुलांचा गलका चालला होता. मला एकदम दमल्यासारखं झालं. नुसत्या हातानं नव्हे, लपवून लपवून दमलो होतो.

म्हटलं, "देवयानी, माझा हात हलतो. थंडीनं नाही हलत."

"हो, बाबा."

"हो म्हणजे?"

"विमानतळावर तुम्ही मला बघून हात वर केलात ना, तेव्हाच दिसलं मला. रोज तेच बघते मी, कामच आहे माझं. तुमच्या याद्याही त्यासाठीच ठेवल्यात, दर आठवड्याला अक्षर बारीक होत चाललंय."

"दोन महिने! मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही तिकीट अलीकडे आणलं असतं."

आणलं असतं. अगदी दुसऱ्या दिवशी आणलं असतं. माझी लेक मला माझ्यापेक्षा बरी ओळखते याचा राग येईल असं वाटलं होतं, आला नाही. रडू आलं. तिच्यासमोर मी तिची आई गेली तेव्हाही रडलो नव्हतो.

जरा वेळानं तिनं टेबलाखालची तार काढली, टोची घेतली आणि म्हणाली, "सांगा आता, कशी लावू?"

मी सांगत गेलो. आधी ठिपका तापव. घाई नको. आता तार टेकव, हलवू नकोस, मनात पाच मोज. तिचा हात दगडासारखा स्थिर. माझ्या पाटीवरची रेघ आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी लिहिली, आणि ती डोळ्यादेखत होताना बघायला मला आवडलं, हे कबूल करतो. या खेपेला तार मी ओढून बघितली. पक्की होती.

पाटी परत चढवली, पेटवली. 'या, बसा.' माणसं आत आली, बसली, साबुदाणा वडे खाल्ले. विरेमूनं सात खाल्ले.

घरी येताना ना ती डॉक्टरबद्दल बोलली ना तिकिटाबद्दल. आज सकाळी चहाच्या वेळी मीच विषय काढला. म्हटलं, घे बाई तुझ्या डॉक्टरची वेळ. ती म्हणाली, इथे स्पेशालिस्टची वेळ लगेच मिळत नाही, बाबा, थांबावं लागतं. मी म्हटलं, बारा जुलैच्या पुढची मिळाली तरी चालेल.